दुसरी वेलांटी

लातूरला, दवाखान्याच्या मागच्या जिन्यात,
पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसलं की
दोन काड्या मिळतात. उठलं की एकच.
खाली कालिंदीला कळा सुरू आहेत
आणि वर नागरगोज्यांचा तिसरा फोन :
"मुहूर्त बदललाय. अकरा पस्तीस न्हाई, बारा सतरा.
सकाळी पत्रिका पायजेत, काय बी करा."

फाईल अंबाजोगाईला, घरच्या संगणकात.
आमच्या गल्लीत वायर आली नाही अजून.
खिडकीच्या गजाला रबरानं बांधलेला डोंगल,
त्याला झडीपासून वाचवायला दुधाची रिकामी पिशवी.
कंपनी सांगते, तुम्हाला स्वतःचा पत्ता नाही,
एकाच पत्त्यात हजार घरं,
बाहेरून कुणाला थेट दारात येता येणार नाही.
म्हणून मी इथून आणि घर तिथून
कुठल्या तरी तिसऱ्याच गावी जाऊन भेटायचं,
सोयरिकीत मध्यस्थाच्या ओट्यावर भेटतात तसं.

अण्णांना फोन लावला.
"बटन दाबलं. दिवा लागला. आता?"
"बारा सतरा करायचंय, अण्णा. नऊ आकडे दिसायलेत का?"
अण्णा एकेक आकडा सांगतात,
चाळीस वर्षं चिमट्यानं खिळे उचललेला माणूस,
उलटं वाचायची सवय असलेला.
"सहा. थांब. सहाच हाय, पोट खाली हाय."

मग आमची खोली माझ्या मांडीवर उतरू लागते,
वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी.
डेटा वाचावा म्हणून मागचं चित्र काढून टाकलेलं,
बुट्टेनाथच्या दरीच्या जागी काळी पाटी.
बाण हलवते, तो नंतर हलतो.
पस्तीस खोडते, अकरा खोडते.
एक दाबते आणि मोजते. चार मोजल्यावर एक येतो.
दोन दाबते. मोजते.
खालून कालिंदीचा आवाज, मग दार लोटल्याचा.
सासूबाई जिन्यापाशी येऊन
"तुमचं काय चाललंय वर?" विचारून जातात.

परत बघते तर बाण चाललाय.
मी दोन्ही हात उचललेत
तरी चाललाय,
पुढे जाऊन अडखळून मागे येत,
'आपले शुभ आशिर्वाद' पाशी थांबला.
शि पुसला गेला.
मग बराच वेळ काहीच नाही.
नेट असेल. किंवा अण्णा
कळफलकावर दुसरी वेलांटी शोधत असतील.
ती कुठे असते हे मी दाखवलं नाही कधी,
त्यांनी विचारलं नाही कधी.
ट्रेडल भंगारात गेलं त्या दिवशी म्हणाले होते,
आता अक्षराचं अन् माझं देणंघेणं मिटलं.

शु आला. गेला.
शे आला. गेला.
शी.

चार वर्षं मी ही पहिली वेलांटी छापतेय,
तालुक्यातल्या निम्म्या लग्नांना
ऱ्हस्व आशीर्वाद मिळालेत,
कुणी तक्रार केली नाही.

हाक मारावी तर फोन कानाशी चालूच आहे,
त्यांचा श्वास ऐकू येतोय, चष्मा पुसल्याचं खाकरणं.
मी हात मांडीखाली दाबून बसले.
बाण खाली सरकला,
'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!!!'
तीनातली दोन उद्गारचिन्हं गेली.
पूर्वी पेटीत तेवढे खिळेच नसत.
एकसष्ट एमबी उरले होते. मग एकोणचाळीस.
मग पडदा गोठला आणि तिसऱ्या गावानं
आम्हाला दोघांनाही उठवून लावलं.

"अण्णा, काय करायलाव?"
"मी? मी हात बी लावला न्हाई.
तुझाच बाण हलायला होता. कालिंदीचं काय?"

काय सांगू. खालून कुणी हाक मारत होतं माझ्या नावानं,
मी लॅपटॉप मिटून अर्ध्या जिन्यात आले
तेव्हा आठवलं, बारा मी टाकले होते.
सतरा टाकायचे राहिलेच.
तिथूनच विचारलं.

"ते हाय की," अण्णा म्हणाले. "तू जा खाली."